दुपारीच बिघडणारा कॉम्प्युटर

नायगाव पूर्वेला, स्टेशनकडून जूचंद्रला जाणाऱ्या रस्त्यावर एका काका-काकूंचं झेरॉक्सचं दुकान होतं. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, पॅन कार्ड, दाखल्यांचे अर्ज, लाइटबिल, आणि जून उजाडला की अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची गर्दी. कॉम्प्युटर एकच. सकाळी एक मुलगा तो सांभाळायचा. दुपारी तो कॉलेजला गेला की खुर्चीवर काका. गल्ला आणि हिशोबाची वही काकूंकडे.

हा कॉम्प्युटर दुपारीच बिघडायचा. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा-दोनदा तरी. टायपिंग व्हायचं, प्रिंट निघायची. संकेतस्थळ मात्र एकही उघडायचं नाही. बँकेचं नाही, प्रवेशाचं नाही. लाल त्रिकोण असलेला एक इंग्रजी पडदा समोर यायचा. काका तो लगबगीने बंद करायचे, पुन्हा उघडायचे, पुन्हा बंद करायचे आणि शेवटी म्हणायचे, "सर्व्हर डाउन आहे, उद्या या." दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सुरळीत.

"उद्या या" म्हणणं सोपं असतं. भाईंदर आणि नायगावच्या मध्ये, वसईच्या खाडीत पाणजू बेट आहे. तिथली एक मुलगी प्रवेशाचा अर्ज भरायला होडीने आली होती. पाऊस, भरती, परतीची होडी, सगळं सांभाळून आलेली. तिलाही उद्या यावं लागलं. काकूंनी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत आणि वहीत लिहून ठेवलं: दुपारी ३ला लाइट गेली, सव्वातीनला आली, पाणजूच्या मुलीचा फॉर्म राहिला. फुकट गेलेल्या कामाची नोंद त्या नेहमीच ठेवायच्या, कारण संध्याकाळी गल्ला जुळला नाही तर उत्तर त्यांनाच द्यावं लागे.

मग उपाय सुरू झाले. शेजारचा म्हणाला, मिठागरांची हवा खारट, आतला पत्रा गंजला असेल. हे अगदीच खोटं नव्हतं. खाडीकाठी मशीनं लवकर गंजतात. दुरुस्तीला आलेल्या माणसाने एकाच बैठकीत राउटर बदलला, वायर बदलली, ब्राउझर नवा टाकला, अँटिव्हायरस घातला. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी दुपारी तोच लाल त्रिकोण. "आता फॉरमॅट मारावं लागेल," तो म्हणाला. चार गोष्टी एकदम बदलल्यामुळे त्यातली कुठली निरुपयोगी होती हेही आता कुणाला सांगता येणार नव्हतं. एका वेळी एकच बदल करायचा आणि थांबून बघायचं, ही शिस्त कंटाळवाणी असते. पण ती सोडली की माणूस पैसे खर्चून अंधारात चालतो.

फॉरमॅटच्या आदल्या रविवारी भाडेकराराच्या झेरॉक्स काढायला एक सॉफ्टवेअरवाला आला. जवळच्याच नव्या टॉवरमध्ये राहणारा, रोज लोकलने गोरेगावला जाणारा. काकांनी त्याला गळ घातली, "बघ ना रे जरा." तो बसला.

कॉम्प्युटर तेव्हा उत्तम चालत होता, आणि हीच अडचण होती. समोर असलेला बिघाड शोधता येतो. निघून गेलेल्या बिघाडाच्या खुणाच तेवढ्या शोधायच्या असतात. त्याने काळी खिडकी उघडून 'पिंग' दिलं, आधी राउटरला, मग बाहेरच्या एका पत्त्याला. दोन्हीकडून उत्तर आलं, म्हणजे वाट मोकळी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर काढला; प्रोसेसर आणि मेमरी निवांत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या छोट्या फुकट प्रोग्रामने डिस्कची तब्येत सांगितली; ठणठणीत. मग त्याने 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडला. ही विंडोजची स्वतःची रोजनिशी. कॉम्प्युटर कधी सुरू झाला, कधी अचानक बंद पडला, कुठला प्रोग्राम कोसळला, सगळं तिथे आपोआप नोंदलं जातं. ज्यांच्या घरी विंडोज आहे त्यांच्याकडे ही रोजनिशी आहे, आणि बहुतेकांनी ती एकदाही उघडलेली नसते.

तिथे त्याचा हात थांबला. जूनच्या नोंदींच्या मधोमध काही नोंदींवर तारीख होती १ जानेवारी २०१७. खाली पुन्हा जून. आणखी खाली पुन्हा २०१७. शेजारीच 'सिस्टीमची वेळ बदलली' अशाही नोंदी.

"कॉम्प्युटर मागे जातो आणि परत येतो," तो म्हणाला. "कधी जातो ते कळायला हवं. पण याच्या डायरीवर विसंबता येणार नाही, कारण त्या वेळी याचं घड्याळच हरवलेलं असतं."

"कधी ते माझ्याकडे आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी वही पुढे सरकवली.

कॉम्प्युटरच्या इतिहासातली एक वही प्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठात मार्क-२ या यंत्राच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीच्या पानावर डकवला आणि शेजारी लिहिलं: दुपारी ३.४५, पॅनेल एफ, रिले क्रमांक ७०. तिथेच काम करणाऱ्या ग्रेस हॉपर हा किस्सा पुढे सांगत राहिल्या, म्हणून पतंग जगभर पोचला. ते पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मला त्यात पतंगापेक्षा वही मोठी वाटते. कुठे आणि किती वाजता, हे लिहिण्याची सवय त्या माणसांना आधीपासून होती, म्हणून किड्याला जागा मिळाली.

काकूंच्या वहीत कॉम्प्युटरबद्दल फारसं काही नव्हतं. होत्या त्या राहिलेल्या कामांच्या नोंदी आणि लाइट गेल्याच्या वेळा. सॉफ्टवेअरवाल्याने बोट ठेवत एकेक ओळ वाचली. जिथे काम राहिलं होतं, तिथे त्याआधी दुपारी लाइट गेलेली होती. एकही ओळ याला अपवाद नव्हती. पण सकाळी लाइट गेली त्या दिवशी काम मात्र अडलेलं नव्हतं. म्हणजे लाइट हे अर्धंच उत्तर. सकाळी असं काय होतं, जे दुपारी नसतं?

"सकाळी पोरगा असतो," काकू म्हणाल्या.

मुलाला फोन लावला. तो सहज म्हणाला, "लाइट जाऊन आली की तारीख चुकते ना. मी मोबाइलवर बघून बरोबर करतो. चालू करताना कॉम्प्युटर एफ-वन दाबायला सांगतो, तेवढं काकांना दाखवलंय. तारखेचं कुणी विचारलं नाही."

त्याने काही लपवलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने तो कॉम्प्युटर सुरू करण्याचाच भाग होता, जसं शटर वर करणं. अशी मुकाट केलेली मलमपट्टी प्रत्येक ऑफिसात असते आणि ती करणारी माणसं प्रामाणिकच असतात. फक्त त्यांना कुणीतरी विचारायला हवं.

पुढचं सोपं होतं. मदरबोर्डवर एक चपटा सेल असतो, सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, म्हणून हा आकडा. विजेचा दाब तीन व्होल्ट. बाहेरची वीज गेली की हा सेल कॉम्प्युटरचं घड्याळ चालू ठेवतो. तो संपला होता. दुकानात थंड पेयांचा फ्रिज असल्याने मेन स्विच रात्रीही चालूच असे, म्हणून घड्याळ टिकून राही. लाइट गेली आणि थकलेल्या यूपीएसनेही मान टाकली की ते २०१७ला जाऊन पडे. आणि सुरक्षित संकेतस्थळांकडे ओळखपत्र असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत हे लिहिलेलं असतं. २०१७ मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला आजची सगळी ओळखपत्रं अजून सुरूच न झालेली दिसायची, आणि तो दार उघडायला नकार द्यायचा. लाल त्रिकोणाखाली इंग्रजीत हेच लिहिलेलं असे, की तुमचं घड्याळ मागे आहे.

काका गप्प झाले. मग छत्री घेऊन स्वतःच गेले आणि घड्याळवाल्याकडून सेल घेऊन आले. पन्नास रुपयांची नोट दिली, त्यातूनही सुटे परत आले. प्लग काढून, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून, सॉफ्टवेअरवाल्याने जुना सेल काढला, नवा अधिक चिन्ह वर ठेवून बसवला, तारीख भरली. संकेतस्थळ उघडलं. काका सुटकेने हसले.

"अजून झालं नाही," तो म्हणाला आणि त्याने प्लग पुन्हा काढला. "जसं बिघडत होतं तसंच बिघडवून बघायचं. चहा घेऊ तोवर."

अर्ध्या तासाने कॉम्प्युटर लावला. एफ-वन मागितलं नाही. कोपऱ्यात तारीख बरोबर होती. काकूंनी वहीत ओळ लिहिली: सेल बदलला.

"आता यातच मला लिहून दे," त्या म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर काय काय करायचं. मराठीत लिही, दुपारी मीही बसेन."

त्याने लिहायला घेतलं. पहिलं: बंद करून पुन्हा चालू करा. दुसरं: तारीख-वेळ बघा. तिसरं: वायर आणि राउटरचे दिवे बघा. चौथं: दुसऱ्या मोबाइलवर तेच संकेतस्थळ उघडतं का बघा, म्हणजे दोष आपला की त्यांचा ते कळेल. पाचवं: काल चालत होतं आणि आज नाही, तर मध्ये काय बदललं?

काकूंनी पान वाचलं, पेन घेतलं आणि पहिल्या ओळीवर काट मारली.

"का हो? सगळे आधी तेच सांगतात. निम्म्या तक्रारी त्यानेच जातात."

"जातात, पण पडद्यावर काय लिहिलं होतं तेही जातं. यांनी इतके दिवस तेच केलं ना, वाचायच्या आत बंद. आधी मोबाइलने पडद्याचा फोटो काढायचा, मग वेळ लिहायची, मग कोण बसलं होतं ते लिहायचं. बंद-चालू नंतर."

तो क्षणभर विचारात पडला. मग नवं पान घेऊन त्याने सगळं त्या क्रमाने पुन्हा लिहून दिलं, आणि आपल्या मोबाइलने त्या पानाचा फोटो काढून घेतला. सोमवारी ऑफिसात त्याच्या टीममध्ये एक नवी मुलगी रुजू होणार होती, तिला पाठवण्यासाठी.