जुन्या दोरीची ओढ

गेलेल्या वस्तूंच्या मागे माणसाचे मन का धावते, हा प्रश्न तसा जुनाच आहे. परंतु कधी कधी एखादी क्षुल्लक वस्तू तो नव्याने आपल्यापुढे उभा करते. इंग्लंडमधील हौशी मासे धरणाऱ्यांची गळाची जुनी दोरी ही अशीच एक वस्तू होय.

त्या देशात नदी-तळ्यांतील माशांचे दोन वर्ग पूर्वीपासून मानले जातात. सामन आणि ट्राउट हे मानाचे मासे; रोच, टेंच, ब्रीम, कार्प इत्यादी बाकीचे सारे ‘कोर्स’, म्हणजे जाडेभरडे. मानाच्या माशांचे पाणी बहुधा धनिकांच्या ताब्यात असे. कारखान्यांत राबणाऱ्या सामान्य माणसाला सुट्टीच्या दिवशी विरंगुळा दिला तो या जाड्याभरड्या माशांनीच. आज हे हौशी लोक धरलेला मासा बहुधा जिवंतच पाण्यात परत सोडतात. आमच्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना हे ऐकून हसू येईल. पण त्यातच या ओढीचे मर्म आहे. मासा घरी येत नाही. घरी येतात ती साधने. साहजिकच माया जडते ती साधनांवर.

दोरीचा इतिहासही मोठा आहे. आयझॅक वॉल्टनने 1653 साली आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला, तेव्हा गळाची दोरी घोड्याच्या शेपटीचे केस वळून करीत. पुढे रेशमी दोरी आली. तिच्या टोकाला, गळाजवळ, रेशमाच्या किड्यापासून काढलेली पारदर्शक तात जोडीत. ही तात मुख्यत्वे स्पेनमधील मूर्सिया भागातून येई. ती कोरडी असताना ठिसूळ असे, म्हणून वापरण्यापूर्वी भिजवून मऊ करावी लागे. रेशमी दोरी घरी आल्यावर उलगडून वाळवावी लागे, नाही तर ती कुजे. 1938 साली अमेरिकेत नायलॉन जाहीर झाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांतच या साऱ्या दोऱ्या मागे पडल्या. गंमत अशी, की आता पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे नायलॉनही ‘जुने’ झाले आहे. त्याची न उलगडलेली रिळे मूळ चिठ्ठीसकट जपून ठेवणारे लोक आहेत.

ही ओढ नेमकी कशाची? दोरी म्हणून पाहिले तर नवी दोरी अधिक बारीक, अधिक बळकट आणि भरवशाची आहे. मग जुनीत काय होते? आम्हांस वाटते, जुनी दोरी माणसाकडून काही मागत होती. भिजवणे, वाळवणे, गाठ तपासणे, वाट पाहणे. नव्या दोरीने हे मागणे सोडले आणि माणसाने देणेही सोडले. म्हणजे जुनी दोरी हाती घेणारा शोधत असतो तो दोरीला नव्हे, तर ती निगुतीने हाताळणाऱ्या स्वतःला. ही ओढ आम्ही हीन मानीत नाही.

परंतु स्मृती ही लबाड हिशेबनीस आहे. ती जमेची बाजू ठळक शाईने लिहिते आणि खर्चाची बाजू कोरी सोडते. ती पारदर्शक तात मिळवण्यासाठी कोश विणू पाहणारे किडे व्हिनेगरात बुडवून मारीत आणि त्यांच्या पोटातील रेशमाच्या ग्रंथी ओढून ताणीत. त्याच ‘सोन्याच्या काळात’ दोरीला शिशाच्या गोळ्या लावीत. सांडलेले शिसे गिळून राजहंस विषबाधेने मरत. अखेरीस 1987 साली ब्रिटनमध्ये बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. आणि जुने नायलॉन? ऊन लागून आणि काळाने ते कमजोर होते, तरी दिसायला धडधाकट दिसते. अशा दोरीला मोठा मासा लागला की ती तुटते. हौशी माणूस हळहळत घरी जातो. मासा मात्र ओठात रुतलेला गळ आणि मागे लोंबणारी दोरी घेऊन पाण्याखाली जातो.

आमच्या मते प्रश्नाची नैतिक बाजू येथे आहे. जुने प्रिय असावे की नसावे, हा वाद व्यर्थ आहे. आमच्या ओढीची किंमत कोण मोजतो, हे विचारले पाहिजे. किंमत आम्हीच मोजत असू, वेळाने, श्रमाने, हुकलेल्या माशाने, तर ती ओढ निर्मळ आहे. ती दुसऱ्या मुक्या जिवाच्या माथी मारत असू, तर ती केवळ स्वतःचे लाड होत.

रिचर्ड वॉकर या इंग्रजाने 1952 साली रेडमायर तळ्यात 44 पौंडांचा कार्प धरून विक्रम केला. जुन्या साधनांचे चाहते आज त्याची बांबूची काठी भक्तिभावाने आठवतात. पण त्याच्या काठीवरील दोरी होती विणलेल्या नायलॉनची, म्हणजे त्या काळातील नवीच. माशाला धरून ठेवील ती दोरी, एवढाच त्याचा निकष होता. आपण त्याची काठी उचलली. त्याचा विवेक मात्र तेथेच राहिला.

आमच्याकडेही सुती जाळ्यांच्या आठवणी निघतात. ती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवीत, वाळूवर सुकवीत, ओसरीत बसून विणीत. ऐकताना मन भरून येते. पण सतत तुटणारे ते जाळे रात्र रात्र सांधणाऱ्या बोटांना विचारले, तर ती नायलॉनला दुवाच देतील. आणि समुद्रात सोडून दिलेले नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे न कुजता मासे मारीतच राहते, हेही तितकेच खरे. कुजणारे जाळे निदान आपले पाप आपल्याबरोबर संपवीत होते.

तेव्हा जुनी दोरी फळीवर अवश्य ठेवावी. पाण्यात सोडावी ती मजबूत दोरी. पण ती जुन्या हातांनी सोडावी: प्रत्येक गाठ तपासून, आणि तुटलेला प्रत्येक तुकडा वेचून घरी आणून. गेलेला काळ परत आणण्याचा याहून प्रामाणिक मार्ग आम्हांस तरी दिसत नाही.