बारा मिनिटांची बैठक

३० नोव्हेंबर २०२१. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड गावच्या हायस्कुलात गणिताचा तास चालू होता. पंधरा वर्षांच्या एका मुलाने सरावपत्रिकेवर पिस्तूल काढले, एक गोळी काढली, गोळ्या लागून पडलेला माणूस काढला. शेजारी लिहिले की विचार थांबत नाहीत, मला मदत करा. शिक्षिकेच्या ते नजरेस पडले. तिने मोबाइलवर फोटो काढून वरिष्ठांना कळवले. मुलाला समुपदेशकाकडे नेण्यात आले आणि आई-वडिलांना तातडीने बोलावून घेतले. बैठक जेमतेम बारा मिनिटे चालली. मुलाला लगेच उपचारांसाठी न्यावे, आजच नेले तर उत्तम, असे समुपदेशकाने सुचवले. पण आईला कामावर परतायचे होते. आई-वडील निघून गेले, मुलगा वर्गात गेला. त्याची बॅग कुणीही उघडली नाही. एक वाजायला नऊ मिनिटे असताना त्याने त्याच बॅगेतून पिस्तूल बाहेर काढले.

चार विद्यार्थी मारले गेले. त्यांची वये होती १४, १६, १७ आणि १७. एका शिक्षिकेसह सात जण जखमी झाले.

त्या मुलाचे नाव या स्तंभात येणार नाही. असे हल्ले करणाऱ्या अनेकांना आधीच्या हल्लेखोरांच्या नावांचे वेड असते, म्हणून ती नावे मिरवू नयेत अशी मृत मुलांच्या पालकांनी वर्षानुवर्षे विनवणी केली आहे. ती मानणे अवघड नाही. या घटनेत विचार करायचा आहे तो त्या खोलीत बसलेल्या मोठ्या माणसांचा.

चारच दिवस आधी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, वडील मुलाला दुकानात घेऊन गेले होते आणि नऊ मिलिमीटरचे पिस्तूल विकत घेऊन आले होते. ती ख्रिसमसची भेट होती, थोडी आगाऊ. शनिवारी आई त्याला नेमबाजीच्या सरावाला घेऊन गेली. सोमवारी वर्गात तो मोबाइलवर काडतुसे शोधताना एका शिक्षिकेला दिसला. शाळेने आईला फोन करून निरोप ठेवला. आईने शाळेला उलट फोन केला नाही. मुलाला मात्र हसत मेसेज पाठवला की ती रागावलेली नाही, त्याने पकडले न जायला शिकायला हवे. मंगळवारी सकाळी त्या खोलीत पिस्तुलाचे चित्र आई-वडिलांसमोर होते. घरात नवे पिस्तूल आले आहे, हे दोघांपैकी एकानेही सांगितले नाही. बैठकीनंतर घरी जाऊन ते जागेवर आहे का, हेही कुणी पाहिले नाही. शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आल्यावर वडील घराकडे धावले, पिस्तूल सापडेना म्हणून त्यांनी पोलिसांना फोन केला. पिस्तुलासोबत मिळालेले तारेचे कुलूप पुढे पोलिसांना सापडले ते वेष्टनातच. घरातल्या बाकी शस्त्रांच्या तिजोरीचा क्रमांक तीन शून्ये होता.

त्याच्याही आधीचे काही आहे. त्याच वर्षीच्या वसंतात मुलगा घरी एकटा असताना आईला मेसेज पाठवत होता की घरात कुणीतरी आहे, वस्तू पडताहेत, निदान उत्तर तरी दे. आई घोड्यांच्या तबेल्यावर होती आणि उत्तर लवकर आले नाही. आपले घर झपाटलेले आहे ही घरातली जुनी थट्टा होती, असे आईने खटल्यात सांगितले. ते खरेही असेल. पण मुलाने मित्राला लिहिले होते की त्याने वडिलांकडे डॉक्टरकडे नेण्याची मागणी केली, तेव्हा त्याला गोळ्या देऊन सहन करायला सांगितले गेले. त्याने अशी मागणी केल्याचे आईने कोर्टात नाकारले. त्या शरद ऋतूत त्याचा एकुलता एक जवळचा मित्रही अचानक दूर गेला.

२०२४ च्या फेब्रुवारीत मुलाची आई जेनिफर क्रम्बली आणि मार्चमध्ये वडील जेम्स क्रम्बली यांना ज्युरीने सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. दोघांना दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक हत्याकांडासाठी आई-वडिलांना अशी शिक्षा होण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. मुलाला त्याआधीच जन्मठेप झाली होती, पॅरोलवर सुटण्याची शक्यता नसलेली. साक्षीच्या पिंजऱ्यात आईने सांगितले की मागे वळून पाहताना आपण काही वेगळे केले असते असे तिला वाटत नाही. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी म्हटले की पालकांनी अंतर्ज्ञानी असावे अशी अपेक्षा नाही आणि ही शिक्षा वाईट पालकत्वासाठीही नाही. ती आहे जे थांबवता आले असते ते पुन्हा पुन्हा न थांबवण्यासाठी.

हा निकाल योग्य वाटतो, पण तो वाचून निर्धास्त होण्यात धोका आहे. क्रम्बली दांपत्य निष्काळजी होते, आपण तसे नाही, असे म्हणून हात झटकणे फार सोपे आहे. घटना घडून गेल्यावर प्रत्येक खूण ठळक दिसते. खोलीचे दार लावून बसणारी, काळे कपडे घालणारी, रक्तपाताचे खेळ खेळणारी आणि वहीच्या मागच्या पानावर बंदुका काढणारी मुले लाखो असतात. त्यांतली बहुतेक कुणाला चिमटाही काढत नाहीत. म्हणूनच अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने २००२ मध्ये १९७४ ते २००० या काळातल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा त्यातला एक निष्कर्ष हा होता, की हल्लेखोर विद्यार्थ्याचा ठराविक असा साचा नसतो. चांगले गुण मिळवणारेही त्यांत होते, मित्रांच्या गराड्यात वावरणारेही होते, दोन्ही पालकांच्या घरात वाढलेलेही होते.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. पाचांतल्या चारांहून अधिक हल्ल्यांमध्ये हल्लेखोराच्या मनात काय चालले आहे, हे आधीच कुणाला तरी ठाऊक होते. बहुतेकदा ते ठाऊक असलेले कुणीतरी वर्गमित्र, मैत्रीण किंवा भावंड होते. मोठ्या माणसांना माहिती असण्याचे प्रसंग अगदी थोडे. नंतरच्या, म्हणजे २०१९ च्या अहवालात आणखी एक आकडा आला. बंदूक वापरलेल्या दर चार हल्ल्यांपैकी तीनमध्ये ती पालकांच्या किंवा जवळच्या नातलगाच्या घरातून आलेली होती. म्हणजे योजना मुलांना माहीत असते आणि शस्त्र मोठ्यांच्या ताब्यात असते. या दोन्ही गोष्टी ज्याच्या हातात एकत्र येतात तो फक्त हल्लेखोर.

माहितीचे तुकडे असे विखुरलेले कोलंबाइनमध्येही होते. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतल्या त्या शाळेत दोन मुलांनी बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले आणि मग स्वतःला संपवले. त्यांच्यातल्या एकाची आई, स्यू क्लीबोल्ड, पुढची सोळा-सतरा वर्षे स्वतःशी झगडत राहिली. २०१६ मध्ये आलेल्या तिच्या पुस्तकात ती कुठलीही सबब सांगत नाही. तिच्या घरात बंदूक नव्हती. मुलाशी बोलणे होते, जेवण एकत्र होते, प्रेम होते. १९९८ च्या जानेवारीत मुलगा मित्रासोबत एका व्हॅनमधून सामान चोरताना पकडला गेला. दोघांना सुधारणा कार्यक्रमात घातले आणि चांगल्या वागणुकीमुळे लवकर मोकळेही केले. पुढच्या वर्षी त्याने इंग्रजीच्या तासाला लांब काळा कोट घातलेल्या खुन्याबद्दल एक निबंध लिहिला. शिक्षिका अस्वस्थ झाली, पालकसभेत तिने त्याचा उल्लेखही केला. तो निबंध आईने वाचला तो गोळीबारानंतर वर्षाहून अधिक काळाने. त्याच्या डायरीत आत्महत्येचा विचार दोन वर्षे आधीपासून होता, हेही तिला त्याच्या मृत्यूनंतरच कळले. दुसऱ्या मुलाच्या धमक्यांबद्दल एका कुटुंबाने पोलिसांत तक्रार केली होती. घराच्या झडतीसाठी अर्जाचा मसुदाही तयार झाला होता, पण तो न्यायाधीशापर्यंत पोचलाच नाही.

स्यू क्लीबोल्ड आणि जेनिफर क्रम्बली यांना एका तराजूत घालता येणार नाही. एकीला दिसले नाही, दुसरीच्या समोर कागदावर लिहून ठेवले होते. तरीही एका बाबतीत दोन्ही कथा जुळतात. प्रत्येक मोठ्या माणसाकडे एक तुकडा होता. शिक्षिकेकडे निबंध होता, पोलिसांकडे तक्रार होती, आईकडे मुलाचा बदललेला स्वभाव होता. ऑक्सफर्डमध्ये शाळेकडे चित्र होते आणि पालकांकडे पिस्तुलाची माहिती. हे तुकडे एका टेबलावर येण्यासाठी कुणीतरी अवघड प्रश्न विचारावा लागतो आणि उत्तर मिळेपर्यंत जागेवरून हलायचे नाही असे ठरवावे लागते. घरात शस्त्र आहे का, असे शाळेने विचारले असते तर? बॅग इथेच उघडा, असे आईने म्हटले असते तर? दोन्ही वाक्ये बोलायला दहा सेकंद लागतात. ती बोलली जात नाहीत, कारण त्यांत संशय असतो, अपमानाची भीती असते आणि कामाच्या वेळेचा खोळंबा असतो.

जॉर्जियात तर प्रश्न विचारलाही गेला होता. २०२३ च्या मे महिन्यात एफबीआयकडे आलेल्या माहितीवरून स्थानिक पोलीस तेरा वर्षांच्या एका मुलाच्या घरी गेले. इंटरनेटवर शाळेत गोळीबाराची धमकी दिल्याचा संशय होता. मुलाने नकार दिला. घरात शिकारीच्या बंदुका आहेत, पण मुलाला त्या मोकाट हाताळता येत नाहीत, असे वडिलांनी सांगितले. त्याच वर्षीच्या ख्रिसमसला त्याला रायफल भेट मिळाली. ४ सप्टेंबर २०२४ रोजी विंडर गावच्या अपॅलाची हायस्कुलात त्याने दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक मारल्याचा आरोप आहे. त्या सकाळी वेगळी राहणारी आई शाळेला फोन करून मुलाला शोधा म्हणून सांगत होती. तिथेही वडिलांवर गुन्हे दाखल झाले.

आता एका आजीची गोष्ट. १३ फेब्रुवारी २०१८, वॉशिंग्टन राज्यातले एव्हरेट शहर. अठरा वर्षांच्या नातवाची डायरी तिच्या हाती लागली. शाळेत हत्याकांड करण्याचा बेत त्यात सविस्तर लिहिलेला होता. घरात गिटार ठेवण्याची पेटी होती, तिच्यात गिटार नव्हते, रायफल होती. आजीने पोलिसांना फोन केला आणि नातू शाळेतच पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी फ्लोरिडातल्या पार्कलंडमध्ये एका माजी विद्यार्थ्याने सतरा जणांना मारले. त्याच्याबद्दल एका ओळखीच्या व्यक्तीने पाच आठवडे आधी एफबीआयला फोन करून इशारा दिला होता आणि तो स्थानिक कार्यालयाकडे पुढे पाठवला गेला नव्हता.

एव्हरेटच्या त्या आजीचे कौतुक झाले, होणारच. पण पुढच्या वर्षी कोर्टाने नातवाला साडेबावीस वर्षांची शिक्षा दिली. एका दुकानावरचा सशस्त्र दरोडाही त्याच्या नावावर होता, हे खरे. तरी ज्या आजीने फोन केला तिच्यासाठी हा आकडा काय असेल, याचा विचार केल्याशिवाय पालकांना जागरूकतेचा उपदेश करण्यात अर्थ नाही. सांगितले तर पोटचे पोर तुरुंगात, न सांगितले तर परक्यांची पोरे स्मशानात. या कात्रीत सापडलेला पालक स्वतःची समजूत घालू लागतो की वय आहे, जाईल निघून. नुसत्या धाकाने त्याचे तोंड उघडणार नाही. क्रम्बलींना तुरुंगात टाकल्याने पुढचे आई-वडील लवकर बोलतील की अधिक घाबरून गप्प बसतील, हे अजून दिसायचे आहे. बोलणाऱ्याला डॉक्टरांकडे जाणारी वाट दिसायला हवी, फक्त पोलीस ठाण्याकडे जाणारी नव्हे.

तशी वाट काही ठिकाणी आखलेली आहे. कोलंबाइननंतर व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ड्युई कॉर्नेल यांनी शाळांसाठी एक पद्धत तयार केली. मुलाने धमकी दिली की मुख्याध्यापक, समुपदेशक आणि पोलीस अधिकारी एकत्र बसतात, मुलाशी आणि पालकांशी बोलतात, बोलणे रागाच्या भरातले होते की त्यामागे तयारी आहे ते तपासतात आणि मग मदत ठरवतात. २०१३ मध्ये व्हर्जिनियाने सरकारी शाळांना असे गट सक्तीचे केले, तसे करणारे ते पहिले राज्य. ऑक्सफर्डमध्ये त्या दिवशी असे काही झालेच नाही, हे पुढच्या स्वतंत्र चौकशीत स्पष्ट झाले. सिक्रेट सर्व्हिसने २०२१ मध्ये उधळले गेलेले ६७ कट अभ्यासले, ते वाचताना पुन्हा पुन्हा हेच जाणवते की कुणीतरी ऐकले, कुणालातरी सांगितले आणि सांगितलेले मनावर घेतले गेले.

ऑक्सफर्ड ज्या ओकलंड काउंटीत आहे, त्याच काउंटीत नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स ही उपनगरे आहेत. मोटार कारखान्यांमुळे आणि संगणकाच्या नोकऱ्यांमुळे तिथे मराठी कुटुंबेही राहतात. आपण बंदूक ठेवत नाही म्हणून हा विषय आपला नाही, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण मुले मित्रांच्या घरी खेळायला जातात, रात्री राहतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना सांगते की ॲलर्जीबद्दल विचारता तसेच हेही विचारा: तुमच्या घरी बंदूक आहे का, आणि असली तर ती रिकामी करून कुलुपात ठेवलेली आहे का? दुसऱ्याच्या घराबद्दल असे विचारणे मराठी माणसाला उद्धटपणाचे वाटेल, जीभ अडखळेल. तरी विचारावे. १३ फेब्रुवारी २०२४ पासून मिशिगनमध्ये अल्पवयीन मुलांचा वावर असेल तिथे बंदूक कुलुपात ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यामुळे कुलपाची किल्ली कुणाकडे असते आणि तिजोरीचा क्रमांक मुलांना माहीत आहे का, हेही त्याच वेळी विचारायला हरकत नाही.