सोनू, घाईने सही करू नकोस

चि. सोनूस,


फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं की दोन दिवस तू नीट जेवलेला नाहीस. आधी जेव बाळा. भिवंडीत गोदामांच्या रस्त्याला पोळीभाजीची खानावळ असेल, तिथं बस निवांत. तुझ्या आईला, आक्काला, मी दुरुस्तीच्या रकमेचा आकडा सांगितलेला नाही. गाडी दुरुस्तीला लागली आहे एवढंच म्हणालो. तरीही तिनं काल उपास धरला. इकडे पाऊस लागून राहिलाय, कृष्णेचं पाणी चढतंय आणि लोक रोज आयर्विन पुलाशी बघायला जातात. आपल्या घरापर्यंत काही येत नाही, काळजी करू नकोस.

फोनवर तू घाईत होतास, म्हणून सगळं लिहून पाठवतोय. गाडी चालता चालता बंद पडली, वर्कशॉपनं ‘डिझेल खराब’ असं तोंडी सांगितलं, आणि तेवढ्यावर लीजवाले म्हणतात की पंप, इंजेक्टर, रेल सगळ्याचा खर्च तुझा, शनिवारी येऊन मान्यतेवर सही कर. सोनू, ती सही करू नकोस. गाडी का बिघडली हे कागदावर येऊ दे, मग कोणी भरायचं ते ठरेल. हे क्रमानंच झालं पाहिजे.

मी एस.टी.च्या वर्कशॉपात होतो तेव्हाचे पंप वेगळे. त्यांच्या खालच्या कॅमला इंजिन ऑइलचं वंगण मिळायचं आणि नोझल दोनशे बारच्या आसपास उघडायचं. डिझेलमध्ये थोडा कचरा आला तर फिल्टर धुवायचा, लाइनमधली हवा काढायची की गाडी मार्गावर. तुझी गाडी कॉमन रेलची आहे. तिच्यात दाब सोळाशे बार किंवा त्याहूनही वर जातो आणि हाय प्रेशर पंपाला वंगण असतं ते डिझेलचंच. त्यात पाणी शिरलं की आतले भाग गंजतात. पेट्रोल मिसळलं की वंगण जातं, पोलाद पोलादावर घासतं आणि त्याचा बारीक कीस रेलमधून इंजेक्टरपर्यंत, तिथून परतीच्या नळीनं पुन्हा टाकीत जातो. म्हणून एक पंप गेला तरी सगळी सिस्टिम बदलायला सांगतात. बिल फुगवलंय असं मी म्हणणार नाही, काम तेवढं असू शकतं. पण तो पंप मेला कशानं, हे त्या बिलात कुठंच लिहिलेलं नाही.

आणि ते शोधता येतं. टाकीतलं आणि फिल्टरच्या बाउलमधलं डिझेल तुझ्यादेखत स्वच्छ काचेच्या बाटल्यांत काढायला सांग. पाणी असेल तर थोड्या वेळात तळाला बसलेलं दिसेल. पेट्रोल असेल तर वास येईल आणि घनताही कमी भरेल. बाटल्यांना सील, त्यावर तारीख आणि तुझी व वर्कशॉपवाल्याची सही. एक बाटली तू ठेव. फिल्टर कापून बघायला सांग. डिझेल स्वच्छ आणि फिल्टरात नुसता कीस असेल, तर पंप आतून झिजलाय हे म्हणायला जागा आहे. तुझ्या हातात आली तेव्हा गाडी ऐंशी हजार किलोमीटर पळालेली होती ना? तिच्यात आधीच्यांनी काय भरलं, डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला, याचा हिशोब मालकाकडे, म्हणजे लीजवाल्यांकडे, असायला हवा. सर्व्हिसची नोंद लेखी माग. जुना पंप, इंजेक्टर भंगारात टाकू नयेत असं आजच ईमेलनं कळव. माल गेला की पुरावा गेला, आणि वर्कशॉपवाले जागा मोकळी करायला फार उतावीळ असतात.

आता एक गोष्ट मला खरी सांग. डॅशबोर्डवर पिवळा दिवा आधी लागला होता का? फिल्टरात पाणी साचल्याचा इशारा येऊनही तू दोन दिवस गाडी पळवली असशील, तर थोडा भार तुझ्यावर येणारच. किंवा पेट्रोल पंपावरच्या पोरानं चुकून पेट्रोल सोडलं आणि तू गाडी चालू केलीस, तरी तसंच. असं असेल तर लपवू नकोस. तेवढा वाटा आपण देऊ. मी माझ्या ठेवीतून देईन, त्याची लाज बाळगू नकोस. आणि दोष पेट्रोल पंपावरच्या डिझेलचा निघाला तर तुझी पावती आणि फोनवरची पैशाची नोंद कामाला येईल. तक्रारवही प्रत्येक पंपावर असते, तिच्यात लिही. तेल कंपनीलाही कळव. पावसाळ्यात जमिनीखालच्या टाक्यांत पाणी उतरतं, त्या दिवशी तिथं भरलेल्या आणखी गाड्या बंद पडल्या का हे आजूबाजूच्या ड्रायव्हरांना विचार.

आपल्या आळीतल्या वकीलसाहेबांकडे संध्याकाळी जाऊन आलो. ते म्हणाले, १८७२च्या करार कायद्यात भाड्यानं दिलेल्या वस्तूबद्दल कलम १५० आहे. वस्तूत मूळचा दोष असेल आणि त्यानं घेणाऱ्याचं नुकसान झालं, तर मालकाला तो दोष माहीत नसला तरी जबाबदारी मालकाची. कलम १५१प्रमाणे तू शहाण्या माणसासारखी काळजी घ्यायची. पण तुझ्या करारात काय लिहिलंय त्यानं पुष्कळ फरक पडतो, म्हणून सगळी पानं फोटो काढून पाठव. ‘देखभाल’ आणि ‘मोठी दुरुस्ती’ यांची वाटणी कुठं आहे तेच आधी बघायचंय. विम्याचीही कागदपत्रं माग. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही, पण इंजिनासाठी जादा संरक्षण घेतलंय का ते मालकालाच माहीत.

तू स्वतः गाडी चालवून पोट भरतोस, म्हणून ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा आधार तुला मिळू शकतो. आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंत तिथं फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. म्हणजे शनिवारची घाई त्यांची आहे, तुझी नाही.

भांडू मात्र नकोस. गाडी उभी आहे तोवरचं भाडं माफ करा किंवा दुसरी गाडी द्या, हेही त्याच ईमेलमध्ये नम्रपणे लिही. हप्ता मनानं थांबवू नकोस, तो थांबला की मूळ वाद बाजूला राहतो आणि थकबाकीदार तू ठरतोस. भरावाच लागला तर ‘हक्क राखून भरत आहे’ असं लिहून भर.

मामीनं शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या पार्सलनं पाठवल्यात. शनिवारी त्यांच्याकडे जाण्याआधी कराराचे फोटो मला पाठव आणि फोन कर. तोपर्यंत कुठल्याही कागदावर सही नाही.

तुझा,
मामा