उरलेल्या अन्नावर हक्क कोणाचा?

हलाल कमाईतून विकत घेतलेले अन्न टाकून देण्याचा अधिकार मनुष्याला आहे काय? बाजाराच्या न्यायाने पाहिले तर आहे. ज्याने किंमत मोजली, तो मालक. इस्लामची भूमिका याहून निराळी आहे. मनुष्य या पृथ्वीवर खलीफा आहे आणि त्याच्या हाती आलेली प्रत्येक वस्तू अमानत आहे. किंमत चुकती केल्याने वापरण्याचा हक्क मिळतो, हिशेबातून सुटका होत नाही. म्हणूनच सूरह अल-आराफच्या ३१व्या आयतीत खाण्यापिण्याची मुभा आणि उधळपट्टीची मनाई एकत्रच आली आहे.

या अमानतीचा अर्थ चामोर्शीच्या धानपट्ट्यात सहज उमगतो. वैनगंगेच्या या खोऱ्यात एक क्विंटल धान भरडले की सुमारे २० किलो तूस निघते, कोंडा वेगळाच. तणस गुरांच्या गोठ्यात जाते आणि शेण होऊन बांधीत परतते. कोंडा जनावरांच्या आंबोणात पडतो, त्यातून खाद्यतेलही निघते. तूस भट्टीत जळण होते. उन्हाळ्यात तलावाचा गाळ शेतात टाकला जातो. कापणीपूर्वी उभ्या धानात लाखोळी फेकली की ती उरलेल्या ओलाव्यावर वाढते, जमिनीला नत्र देते आणि भाताच्या जोडीला डाळ पुरवते. येथे उरलेल्या प्रत्येक वस्तूला पुढचा हक्कदार ठरलेला आहे.

हाच बोध एका प्रसिद्ध हदीसमध्ये आढळतो. ह. मैमूना (रजि.) यांच्या एका मुक्त दासीला सदक्यात मिळालेली शेळी मेली होती. ती तशीच टाकलेली पाहून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिच्या कातड्याचा उपयोग का केला नाही, असे विचारले. ती मृत असल्याचे सांगण्यात आले, तेव्हा मनाई खाण्याची आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. जे खाता येत नाही, तेही निरुपयोगी ठरत नाही.

येथे एक शंका उद्भवते. उरलेल्या सर्व अन्नाचे खत होणारच असेल, तर वलीम्यात चार पदार्थ अधिक केल्याने काय बिघडते? बिघडते ते असे. तूस हे धानाबरोबर अटळपणे येते. ताटात टाकलेली बिर्याणी मात्र आपल्या हौसेने उरते. तिच्यामागे शेतकऱ्याचे श्रम, तलावाचे पाणी आणि एका जनावराचा जीव आहे. खताच्या खड्ड्यातून त्यांतले फारच थोडे परत मिळते. खताचा खड्डा हा इस्राफचा कफ्फारा नव्हे.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम, गरजेपुरतेच शिजवावे व वाढावे. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवण्याची प्रेषितांची शिकवण येथूनच सुरू होते. ताटात मांसाबरोबर डाळ आणि भाजीलाही मानाचे स्थान असावे. दुसरे, जे उरेल ते ताजे असतानाच गरजूंपर्यंत पोहोचावे. आपण स्वतः घेणार नाही असे निकृष्ट दान देऊ नये, अशी कुरआनची ताकीद आहे. त्यानंतर जनावरे आणि शेवटी माती. कुर्बानीच्या दिवशीही कातडे उपयोगात यावे आणि जनावराच्या पोटातील अर्धवट पचलेला चारा नालीत न फेकता खड्ड्यात मुरवावा. त्याचे उत्तम खत होते.

हा प्रश्न एका गावापुरता नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून. कचऱ्याच्या ढिगाखाली हवेवाचून कुजणारे अन्न मिथेन वायू सोडते. त्याने तापणाऱ्या हवेचा भार ज्यांच्या ताटात मुळातच कमी आहे, अशांनाही सोसावा लागतो. अर्थात, आपल्या दस्तरखानावरील उधळपट्टी दुसऱ्याच्या हक्कापर्यंत पोहोचते; आणि हुकूकुल इबादचा प्रश्न आला की केवळ तौबा पुरेशी होत नाही, ज्याचा हक्क त्याला द्यावा लागतो.

बिस्मिल्लाह म्हणून जेवायला बसणाऱ्याने उठतानाही ताटाकडे पाहावे. जे मागे राहिले, त्याचाही हिशेब आहे. ही अमानत जपण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.