हस्तराचा नैवेद्य

भुताची गोष्ट भुताची म्हणून पाहावी, तीत उपनिषदे शोधू लागल्यास भूतही हातचे जाते आणि उपनिषदही, असे आमच्या स्नेह्यांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे ठाम मत आहे. हे मत आम्हांसही फार दिवस मान्य होते. परंतु गेल्या पावसाळ्यात घरातील तरुण मंडळींच्या आग्रहास्तव वर्ध्याच्या आमच्या घरी 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट आम्ही पाहिला, आणि तेव्हापासून त्या मताविषयी आम्ही पूर्वीइतके निःशंक राहिलेलो नाही.

राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रथम प्रदर्शित झाला. त्याची कथा अखंड पावसात भिजणाऱ्या एका कोकणी गावात सुरू होते. समृद्धीची एक आदिदेवता आहे. सुवर्ण आणि अन्न ही दोन्ही तिच्या ठायी अक्षय आहेत. तिचा पहिला पुत्र हस्तर याने सारे सोने बळकाविले, आणि तो धान्यावर हात टाकणार तोच इतर देवांनी त्याच्यावर घाला घातला. मातेने त्यास वाचवून आपल्या गर्भात लपविले. अट एकच, की त्याची पूजा कोणी करू नये. तुंबाडच्या एका घराण्याने मात्र त्याचे देऊळ बांधले. पुढे विनायक नावाचा पुरुष वाड्यातील त्या गर्भात दोरीने उतरतो, कणकेची बाहुली दाखवून उपाशी हस्तरास भुलवितो आणि त्याच्या कटिवस्त्रातील मोहरा ओरबाडून वर येतो. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन काळांत ही हकीकत घडते. अखेरीस विनायक आपल्या पांडुरंग नावाच्या मुलासही त्याच दोरीने उतरावयास शिकवितो.

यावर पहिला आक्षेप असा, की हस्तर हा कोणत्याही पुराणात नाही. आक्षेप खरा आहे. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या एकोणिसाव्या शतकातील एका कथेत हस्तुर नावाचा मेंढपाळांचा देव येतो, आणि नावांचे हे साम्य सहज डोळ्यांत भरण्याजोगे आहे. तेव्हा परदेशी नाव धारण केलेल्या मनःकल्पित देवावर आपल्या धर्मातील प्रतीके बसविणे हा कल्पनेचा अतिरेक नव्हे काय? आमच्या मते, देव कल्पित असला तरी त्याच्या भोवतालची सामग्री कल्पित नाही. देवालयाच्या अंतर्भागास आपण गर्भगृह म्हणतो. शब्द इतका झिजला आहे, की त्यातील गर्भ कोणास आठवत नाही. या चित्रपटाने तो शब्द अक्षरशः खरा केला, लालभडक, ओलसर, श्वासोच्छ्वास करणारा. प्रेक्षक दचकतो, त्याचे निम्मे कारण हेच असावे.

कणकेच्या बाहुलीचेही असेच आहे. यज्ञात जिवंत पशूऐवजी पिठाचा पशू अर्पण करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मध्वसंप्रदायाने हा पिष्टपशू विशेष आग्रहाने पुरस्कारिला. हिंसा टाळून अर्पणाचा भाव राखावा, हा त्यातील हेतू. विनायकाची बाहुली बाह्यतः तशीच आहे. तीही देवापुढे ठेवण्यासाठीच मळली जाते. परंतु गळाला आमिष लावावे तशी ती लावलेली असते, आणि देव ती खाऊ लागला की खिसा कापावयाचा. नवस बोलताना आमचे हात जोडलेले असतात, तेव्हा मनात नेमके काय चालते, हे स्मरून हा प्रसंग पाहावा. आम्हांस तो पाहवला नाही.

पावसाविषयी तर आम्हांस चित्रपटकर्त्याच्या सूक्ष्म दृष्टीचे (अथवा सुदैवाचे) कौतुक वाटले. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञापासून पर्जन्य, पर्जन्यापासून अन्न आणि अन्नापासून भूतमात्र अशी साखळी सांगितली आहे. तुंबाडात पाऊस थांबत नाही. पण तो देवांच्या कोपाचा पाऊस आहे, आणि पडद्यावर त्यातून उगवलेले शेत म्हणून दिसत नाही.

चित्रपटाचा प्रारंभ गरज आणि हाव यांतील भेद सांगणाऱ्या, गांधीजींच्या नावे प्रसिद्ध असलेल्या एका वचनाने होतो. वर्धेकरांस हे वचन परके नाही. १९३६ पासून १९४६ पर्यंत गांधीजींचे बिऱ्हाड येथून आठ किलोमीटरांवर, सेवाग्रामी होते. ईशावास्योपनिषदाचा त्यागपूर्वक भोग सांगणारा पहिला मंत्र तेवढा उरला तरी हिंदुधर्म जिवंत राहील, असे ते १९३७ मध्ये त्रावणकोरच्या दौऱ्यात म्हणाले होते. मात्र तुंबाडचे खरे उत्तर आम्हांस सेवाग्रामपेक्षा धाम नदीच्या काठी, पवनार येथे सापडते. विनोबांनी तेथे १९५० मध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशाचा व्यवहार सोडावयाचा, बैलांवाचून स्वतःच्या हातांनी शेत खणावयाचे, विहिरीचे पाणी माणसांनी रहाट फिरवून काढावयाचे, आणि जे पिकेल ते खावयाचे. मार्च १९५१ मध्ये ते पायी तेलंगणाकडे निघाले, आणि त्यांच्या आयुष्यास भूदानाचे निराळेच वळण लागले. याच पवनारला जमीन खणताना त्यांना भरत-रामांच्या भेटीचे मानलेले प्राचीन शिल्प सापडले. विनोबांचेही मूळ नाव विनायकच, आणि तेही कोकणातलेच! या योगायोगावर आम्ही कोणताही सिद्धांत उभारीत नाही. तथापि एक विनायक खाली उतरून सोने आणतो आणि दुसरा खणता खणता राज्य नाकारणाऱ्या भावाची मूर्ती वर काढतो, हे चित्र मनातून जाता जात नाही.

येथवर आमचा अर्थ घरात सर्वांस पटला. तंटा झाला तो पुढे. आमच्या भागात कपाशीस पांढरे सोने म्हणतात. एका तरुणाने उत्साहाने सांगितले, की ज्वारी सोडून पांढऱ्या सोन्यामागे लागलेला आमचा शेतकरी हाच हस्तर. सोने पुष्कळ, पण धान्य विकत घ्यावे लागते. वाक्य चटकदार होते, म्हणून क्षणभर आम्हीही मान डोलावली. परंतु जुलै २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी साहाय्य जाहीर केले, त्यांत वर्धा होता. कर्जाने गांजलेल्या मनुष्यावर हावेच्या दैवताचा मुखवटा चढविणे हा अर्थनिर्णय नव्हे, अन्याय आहे. प्रतीक दुसऱ्याच्या मस्तकी ठेवणे फार सोपे असते. आमच्या वडीलधाऱ्या स्नेह्यांची भीती, आता विचार करता, हीच असावी. तेव्हा हस्तराच्या कटिवस्त्रातील मोहरा कोणाच्या घरी आल्या, असे विचारणे अधिक प्रामाणिक ठरले असते, आणि तसे त्या रात्री आमच्या सूनबाईंनी विचारले.

त्यांचा रोख आम्हांस तत्काळ कळला. भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. विदर्भाच्या रीतीप्रमाणे त्यांच्या कोठ्यांत धान्य भरतो. म्हणजे देवीचे उदर धान्याचे, आणि अंगावर घरातले सोने. नैवेद्यास ज्वारीची आंबील हवीच. तुंबाडच्या देवतेकडेही हीच दोन दाने होती, हे आम्हांस तोवर सुचले नव्हते. थोरल्या महालक्ष्मीच्या हातांत तीन पिढ्यांपासून ज्या पाटल्या घालतात, त्या आमच्या आजोबांकडे एका दुष्काळी वर्षी एका कुणब्याच्या बायकोने गहाण ठेविल्या होत्या. त्या सोडविण्यास कोणी आले नाही. आजोबा सचोटीचे सावकार म्हणून नावाजलेले होते, आणि व्यवहार कागदोपत्री चोख होता, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तसे आम्ही त्या रात्री सांगितलेही. सूनबाई काही बोलल्या नाहीत.

त्या कुटुंबाचे गाव ठाऊक आहे. तेथे त्यांचे कोणी उरले आहे की नाही, याची चौकशी चालविली आहे. यंदा पाटल्या महालक्ष्मीच्या हातांत घालाव्यात की कसे, यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही.