फाटलं कुठं?

आमगाव तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारी होती. उमेदीची सगळी वर्षं तिने गोंदियाच्या राइस मिलमध्ये बारदाना सांधण्यात घातली. हा धानाचा मुलूख. 1999 साली भंडाऱ्यातून निघून वेगळा जिल्हा झाला, तरी पीक तेच आणि पोतीही तीच. पोतं भरतं, रिकामं होतं, पुन्हा भरतं. हमालाच्या आकड्याने कुठे भोक पडतं, कुठे ओढाताणीत शिवण उसवते. दाभणात सुतळी ओवून म्हातारी ते सांधायची. शिलाई मशीनला तिने आयुष्यात हात लावला नव्हता.

तिची सून मात्र मशीनवर तरबेज होती. गावातल्या बचत गटात ती आणि आणखी दोघी मिळून पिशव्या शिवायच्या. एका वर्षी रोवणी आटोपल्यावर गोंदियाच्या एका दुकानदाराने गटाला गोधडीच्या पिशव्यांचं काम दिलं. बाहेरून सुती कापड, आत कापसाची पातळ गादी, खाली अस्तर आणि वर दोन रुंद बंद. चाळीस पिशव्या गेल्या. पंधरवड्याने त्यातल्या तीन परत आल्या. तिन्हींचा बंद निघाला होता.

मग जे व्हायचं तेच झालं. एक म्हणाली, दोराच हलका आणला. दुसरी म्हणाली, मशीन जुनी झाली. मग दोघींनी कापड कापणाऱ्या सुनेकडे बोट दाखवलं. सूनही गप्प बसली नाही. शेवटी ठरलं काय, तर बाजारातला सगळ्यात मजबूत नायलॉनचा दोरा आणायचा आणि सगळ्या पिशव्या त्यानेच शिवायच्या.

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली म्हातारी उठून आत आली. "काऊन भांडता वं? फाटलं कुठं, ते त पाहा आधी."

खरं म्हणजे तोवर कोणीच पाहिलं नव्हतं. पिशव्या कोपऱ्यात पडल्या होत्या आणि भांडण त्यांच्यावरून चाललं होतं. असं किती घरांत, किती कचेऱ्यांत होत असेल!

म्हातारीने तिन्ही पिशव्या उजेडात नेल्या, बंद निघालेली जागा बोटांनी फाकवली आणि सुनेला जवळ बोलावलं.

पहिलीत कापड शाबूत होतं, दोरा तुटलेला होता. तुटलेल्या टोकाला कापसासारखं तूस आलं होतं. सुनेने ते बोटात धरलं आणि तिच्या लक्षात आलं. दोरा जाड घेतला होता, पण सुई सदऱ्याचीच, 14 नंबरची राहिली होती. मशीनच्या सुईचं नेढं टोकाजवळ असतं. टाक्यात बसण्याआधी दोऱ्याचा तोच तुकडा त्या नेढ्यातून कितीतरी वेळा वर-खाली होतो. नेढं अरुंद असलं की दर खेपेला तो घासतो आणि शिवून होण्याआधीच अर्धा मरतो. ही पिशवी सुनेचीच होती.

दुसरीत दोरा तुटलाच नव्हता आणि कापडही धड होतं. पण जिथे बंद दुमडून कापडावर बसवला होता, तिथे टाकेच सुटले होते. खालच्या बाजूला दोन-तीन टाक्यांइतके लांब धागे लोंबत होते. एवढे थर एकावर एक आले की बारीक सुई वाकते. ती जराशी जरी कलली, तरी खालच्या शटलला दोऱ्याचा फास सापडत नाही आणि टाका पडत नाही. शिवणारी तिथेही पाय मारत भरधाव गेली होती. जाड जागी चाक हाताने फिरवायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. घाईत राहून गेलं.

तिसरी पिशवी म्हातारीने बराच वेळ हातात धरली. तिच्यात दोरा जसाच्या तसा होता. टाके बारीक, एकसारखे, दिसायला फार देखणे. बंद पक्का बसावा म्हणून शिवणारीने घरचा नायलॉनचा दोरा लावला होता आणि एकाच रेषेवर तीनदा टीप मारली होती. फाटलं होतं ते कापड, त्या भोकांच्या रेषेवरून, सरळ.

"हिनं त जोर लावूनच फाडलं," म्हातारी म्हणाली. "आन् तुम्ही आता सगळ्याच पिशव्यांना हाच दोरा लावता म्हणता."

तिघी गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी सून गोंदियाला गेली. तिने 16 आणि 18 नंबरच्या सुया आणल्या. पुडीवर 16 शेजारी 100 आणि 18 शेजारी 110 असा आकडा असतो. 100 म्हणजे सुईची जाडी एक मिलिमीटर. नायलॉन तिने घेतला नाही, पॉलिएस्टरचा मजबूत दोरा घेतला. दुकानातच नवी सुई दोऱ्यात ओवून दोरा तिरपा ताणून धरला. सुई आपल्या वजनाने सरकत खाली आली, तेव्हा जोडी जमली असं समजून पैसे दिले. रिळावरचे आकडे बहुधा उलटे चालतात, 40 चा दोरा 60 पेक्षा जाड, हेही तिने बाकीच्या दोघींना सांगितलं.

मग कात्रणांची चळत रचून, पिशवीत असतात तेवढेच थर घेऊन, टीप मारून पाहिली. अंगाला 16 ची सुई पुरली, बंदाला 18 ची लागली. टाका लांब केला, इंचाला सात-आठ. बंदाखाली आतून कापडाचा एक जादा तुकडा ठेवला आणि एका रेषेऐवजी चौकोन शिवून त्यात फुली मारली, म्हणजे भार एका ओळीवर न येता चहूकडे वाटला जातो. चळतीवर सुई चढताना मशीनचा फूट मागे कलू नये म्हणून त्याच्या मागे घडी घातलेलं कापड सरकवलं. बोथट सुई फेकायची, जपून ठेवायची नाही, हेही तेव्हाच ठरलं. दोन-चार रुपयांच्या सुईपायी पिशवी वाया घालवणं कोणत्याच हिशेबात बसत नाही.

परत आलेल्या तिन्ही पिशव्या त्यांनी दुकानदाराला फुकट दुरुस्त करून दिल्या. पहिल्या दोन्हींना नुसती नवी टीप पुरली, अर्ध्या तासात झाल्या. तिसरीची वरची बाजू पूर्ण उसवून कापडच बदलावं लागलं, आणि त्यात अख्खी दुपार गेली.