चालू स्थितीतलं कार्ड

ग्राफिक्स कार्ड सहसा एका झटक्यात मरत नाही. आधी त्याला भास व्हायला लागतात. गेममधल्या निळ्या आकाशात हिरवे ठिपके येतात. मग एखाद्या पात्राच्या खांद्यातून एक लांबलचक त्रिकोण निघतो आणि स्क्रीनच्या कडेपर्यंत ताणला जातो. मग बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. आणि एके रात्री स्क्रीन काळी, पंखे पूर्ण वेगात, हेडफोनमध्ये मित्र ओरडतायत, 'अरे, कुठे गेलास?'

माझं कार्ड सात वर्षांचं आहे. धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली, मित्राचा पॉवर सप्लाय लावून बघितला. ठिपके तसेच. शेवटी मेमरीचा क्लॉक ३०० मेगाहर्ट्झने खाली आणला, पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर ठेवली, फ्रेम ६० वर बांधल्या. ठिपके गेले. याला दुरुस्ती म्हणत नाहीत. थकलेल्या मेमरीकडून हळू काम करून घेतलं की ती कमी चुका करते, एवढंच. आजोबांनी जिना सोडून लिफ्ट धरावी, तसं.

याहून अघोरी उपाय म्हणजे कार्ड ओव्हनमध्ये भाजणं. साधारण २०० अंशांवर आठ-दहा मिनिटं, आणि मेलेलं कार्ड उठून बसतं म्हणे. कधीकधी बसतंही. पण युरोपियन युनियनने जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आणले, तेव्हापासून सर्रास वापरलं जाणारं शिसं नसलेलं सोल्डर वितळायला साधारण २१७ अंश लागतात. म्हणजे २०० अंशांवर सांधे वितळलेलेच नसतात. उष्णतेने सगळं थोडं फुगतं, तुटलेला संपर्क पुन्हा टेकतो आणि काही दिवस किंवा आठवडे टेकलेला राहतो. (घरच्या ओव्हनमध्ये हे करू नका. त्यात नंतर नानकटाई भाजायची असते.)

मला या मधल्या दिवसांबद्दल बोलायचंय. कारण या दिवसांत कार्ड खरोखरच 'चालू स्थितीत' असतं आणि जाहिरातीत तसं लिहिलं तर एकही शब्द खोटा नसतो.

माझा रूममेट म्हणाला, "टेस्ट करून दाखव, सात हजार घे, विषय संपला. तो विचारेल त्याचं उत्तर दे. विचारणार नाही ते कशाला सांगतोस?"

कायदा बऱ्याच अंशी त्याच्या बाजूने आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७. त्यातलं उदाहरण घोड्याचं आहे. एकजण लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत असतं, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पण त्याला लागूनच आणखी दोन उदाहरणं आहेत. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य आहे. आणि घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धडधाकट आहे असं धरेन', तर तिथे गप्प राहणं म्हणजे बोलणंच. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात गप्प बसण्याचे इतके प्रकार मोजलेले असतील, असं मला वाटलं नव्हतं. इंजिनिअरिंगला हे शिकवत नाहीत.

त्याच कलमात, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं हे मात्र फसवणुकीत येतं. इथे माझी पंचाईत होते. कमी केलेला क्लॉक मी सॉफ्टवेअरमध्ये ठेवला आहे. तोच कार्डच्या बायॉसमध्ये कायमचा लिहिला, तर घेणाऱ्याला टेस्टमध्ये एकही ठिपका दिसणार नाही. बदल तोच, आकडेही तेच. काल ती माझी कार्डची काळजी होती, आज ती झाकपाक झाली. मधे फक्त गिऱ्हाईक आलं.

रूममेटचा पुढचा मुद्दा जास्त तगडा होता. "चिप बनवणाऱ्या कंपन्या काय करतात? खराब निघालेला भाग बंद करतात आणि तीच चिप विकतात." खरं आहे, त्याला बिनिंग म्हणतात. पण त्या चिपला खालचा मॉडेल नंबर देतात आणि किंमतही खालची लावतात. मग मीही कार्डला खालचा नंबर का देऊ नये?

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल लिहिलं होतं. खोट फक्त विकणाऱ्याला दिसत असेल, तर घेणारा प्रत्येकाला खोटा धरून भाव पाडतो आणि चांगली गाडी असलेला माणूस बाजारातून निघून जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, तेव्हा जुन्या कार्डांच्या बाजारात हेच दिसलं. 'मायनिंगला वापरलेलं नाही' हे वाक्य इतक्या जाहिरातींत आलं, की ते खरं असलं तरी कुणी वाचेना. माझ्या सात हजारांतले काही पैसे असे कुणा अनोळखी प्रामाणिक माणसाच्या खिशातून येणार होते.

कार्ड बघायला आलेला मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. शिकवण्या घेऊन पैसे साठवलेले. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, काही प्रॉब्लेम नाही ना?" म्हणजे घोड्याचं तिसरं उदाहरण थेट दारात. मी सगळं सांगितलं. क्लॉक मूळ आकड्यावर नेऊन ठिपके दाखवले, हे कार्ड महिन्यात जाऊ शकतं हेही सांगितलं, आणि अडीच हजार म्हणालो. रूममेट आतल्या खोलीत निघून गेला.

पण सांगितलं म्हणजे झालं का? मला ठिपक्यांमागची थकलेली मेमरी दिसते. त्याला सात हजारांचं कार्ड अडीच हजारांत दिसत होतं. तो मान हलवत होता. मग त्याने पैसे मोजले, कार्ड बबल रॅपमध्ये गुंडाळलं आणि विचारलं, "पण एकदा अल्ट्रा सेटिंगवर लावून बघायला काय हरकत आहे?"

मी त्याला परत बसायला सांगितलं, पैसे टेबलावर ठेवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.